शिनरीचं काय करायचं?

ओक आपल्याकडे बहुतेकांना पुस्तकांतूनच माहीत. सह्याद्रीत तो आपसूक उगवत नाही. हिमालयात भटकलेल्यांनी बांज पाहिलेला असतो, बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी कथा-कादंबऱ्यांतला डेरेदार, दोन-तीनशे पावसाळे पाहिलेला वृक्ष उभा राहतो. पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोचा आग्नेय भाग इथल्या वाळूच्या टेकड्यांवर मात्र असा एक ओक आहे, की त्याच्या जंगलातून मैलोगणती चाललं तरी डोक्यावर सावली म्हणून येत नाही. जंगल गुडघ्याला लागतं, फार तर कमरेला. शास्त्रीय नाव क्वेर्कस हॅवार्डी. तिथले लोक या ओकला आणि त्यानं व्यापलेल्या रानाला, दोन्हीला शिनरीच म्हणतात.

टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ओक्लाहोमाचा पश्चिम भाग मिळून हे रान पन्नास ते सत्तर लाख एकरांवर पसरलं होतं, असा अंदाज अमेरिकी वनखात्यानं १९९८मध्ये काढलेल्या आढाव्यात दिला आहे. तो आढावा पीटरसन आणि बॉइड या दोघांनी लिहिला. शिनरीवर काहीही वाचायला घेतलं तरी वाट त्यांच्या दारावरूनच जाते. त्यापूर्वीची बहुतेक संशोधनं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: ही झुडपं मारायची कशी? त्यानंतर प्रश्न बदलत गेला. ही झुडपं मेली तर आणखी काय काय मरतं, हे लोक विचारू लागले. आज दोन्ही प्रश्न एकाच वेळी, एकाच जमिनीवर उभे आहेत. मधे तेल आलं, तेलामागून वाळूच्या खाणी आल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं.

झुडूप समजून घ्यायचं तर वर पाहून उपयोग नाही. वर दिसणाऱ्या काटक्या दहा-पंधरा वर्षं जगतात, वाळतात, शेजारून नव्या फुटतात. खरं झाड वाळूखाली आहे. हळदीला, आल्याला असतं तसं जमिनीत आडवं पसरणारं खोड या ओकला असतं. त्यातून वर कोंब येतात, खाली मुळं जातात. जमिनीवरच्या भागाचं वजन आणि जमिनीखालच्या भागाचं वजन यांची तुलना केली, तर खालचा भाग दहापट किंवा त्याहूनही जास्त भरतो. वर शेकडो झुडपं दिसत असली तरी ती बऱ्याचदा एकाच झाडाची बोटं असतात. अशा एका झाडाचं वय ठरवायचं कसं? खोड कापून वर्तुळं मोजायची सोय नाही, कारण वरची खोडं पोरवयाची आणि खालचं जाळं सतत एकीकडून कुजत, दुसरीकडून वाढत राहिलेलं. अभ्यासक म्हणूनच जपून बोलतात: शेकडो वर्षं नक्की, हजारो असण्याची शक्यता मोठी.

मुळांच्या खोलीबद्दल थोडं सावध राहायला हवं. टेक्सासमधल्या मोनाहान्स सँडहिल्स उद्यानाच्या माहितीत चार फुटी झुडपांची मुळं सत्तर-नव्वद फूट खाली जातात, असं वाक्य वर्षानुवर्षं छापलं जातं आणि प्रवासवर्णनं ते उचलतात. आकडा आकर्षक आहे, म्हणून टिकला असावा. प्रत्यक्ष खणून पाहणाऱ्यांच्या नोंदीत मुळं खोल जातात खरी, पण मुळं आणि आडवी खोडं यांचा मुख्य पसारा वरच्या दोनेक फुटांत सापडतो. माझ्या मते हीच गोष्ट जास्त महत्त्वाची. खोलवर गेलेलं सोटमूळ टेकडीला धरून ठेवत नाही. वरच्या थरात विणलेली ही चटई टेकडीला धरून ठेवते. ती निघाली की टेकडी चालू लागते.

वाळूत, तेही वर्षाला तीन-पाचशे मिलिमीटर पावसात, ओकसारख्या झाडानं मुक्काम का करावा? आपल्या अंगवळणी पडलेला समज असा की वाळू म्हणजे पाण्याची नासाडी. ओल्या प्रदेशात ते खरंही आहे. कोरड्या प्रदेशात हिशेब उलटा होतो. चिकणमातीत पडलेला थोडका पाऊस वरच्या काही बोटांत अडकतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जातो. वाळूत तोच पाऊस झटकन खाली उतरतो, वरचा कोरडा थर झाकणाचं काम करतो आणि पाणी मुळांपाशी सुरक्षित राहतं. मोनाहान्सच्या टेकड्यांवर पायानं वाळू उकरली तरी थोड्याच खाली ओल लागते ती यामुळे. शिनरी वाळवंटात तग धरून कशीबशी जगते असं म्हणणं म्हणूनच चुकीचं. त्या प्रदेशातली चांगली जागा तिनं अडवून ठेवली आहे. सँड सेजब्रश, सँड ब्लूस्टेमसारखी उंच गवतं, यक्का आणि मेस्किटची झाडं तिच्या सोबतीला असतात.

आग तिला मारत नाही. वरचं सगळं जळून जातं आणि पुढच्या हंगामात पूर्वीपेक्षा दाट फुटवा येतो. दुष्काळ मारत नाही, पानं उशिरा येतात एवढंच. गारठा मात्र तिची एक गोष्ट हिरावतो. वसंतातल्या उशिराच्या हिमानं फुलोरा करपतो आणि त्या वर्षी फळं येत नाहीत. दहा वर्षांत तीनेकदाच भरघोस फळं धरतात. ओकच्या फळाला, म्हणजे टोपी घातलेल्या त्या ॲकॉर्नला, हरणं, रानडुकरासारखे दिसणारे हाविलिना, बॉबव्हाइट लावे, उंदीर सगळेच टपलेले. जे वाचतं ते शरद ऋतूत पडल्या पडल्या रुजायला लागतं, वर्षभर वाट पाहत बसत नाही. आणि इतकं होऊनही बियांपासून वाढलेलं रोप रानात क्वचितच दिसतं. शिनरी पसरते ती खोडांनी, वर्षाला अगदी थोडी. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा वाद त्यावर तोलला जायला हवा होता आणि बहुतेक वेळा तोलला गेला नाही.

नावातला हॅवार्ड हा माणूस मोठा मजेदार. व्हॅलेरी हॅवार्ड १८४६मध्ये फ्रान्समधल्या काँपियेन्यला जन्मला, अमेरिकेत येऊन डॉक्टर झाला आणि सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून भरती झाला. सीमेवरच्या ठाण्यांवर औषधपाणी करता करता त्यानं पश्चिम टेक्सासची झाडं गोळा केली आणि १८८५मध्ये तिथल्या वनस्पतींवर सविस्तर अहवाल लिहिला. स्थानिक आदिवासी कोणती झाडं खातात आणि कशापासून पेयं करतात, यावरही त्यानं लिहून ठेवलं. पुढे रशिया-जपान युद्धात तो रशियन सैन्यासोबत निरीक्षक म्हणून गेला आणि जपान्यांच्या हाती सापडला. टेक्सासचं राज्यफूल असलेल्या ब्लूबॉनेटच्या एका जातीलाही त्याचं नाव आहे. आपल्या ओकचं शास्त्रीय वर्णन त्यानं स्वतः केलं नाही. ते १९०१मध्ये न्यूयॉर्क वनस्पती उद्यानातल्या पेर ॲक्सेल रिडबर्ग यांनी केलं. रिडबर्ग मूळचे स्वीडनचे. खाण अभियंता व्हायला अमेरिकेत आले, मिशिगनच्या लोखंडाच्या खाणीत पाय जायबंदी झाला, म्हणून वनस्पतींकडे वळले.

युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या वाळूतही असाच ओक आढळतो. टेक्सासपासून शेकडो मैल दूर, मधे डोंगर. तो याच जातीचा उपप्रकार मानायचा की वेल्श यांच्या नावानं ओळखली जाणारी स्वतंत्र जात मानायची, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत नाही. ओक आपापसांत सढळ हातानं संकर करतात. कॅलिफोर्नियातले जॉन टकर यांनी या गुंतागुंतीवर अनेक वर्षं घालवली आणि १९७०मध्ये शिनरीच्या वाट्यावर स्वतंत्र निबंधच लिहिला. टेक्सास-ओक्लाहोमाकडच्या रानात पोस्ट ओकशी झालेल्या संकरातून उंच झाडांच्या राया तयार झाल्या आहेत, त्यांना तिकडे मॉट म्हणतात. जातींच्या सीमारेषेचा हा वाद इथेच सोडतो. जपणुकीच्या दृष्टीनं त्यातलं एवढंच कामाचं: पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे गट जनुकीयदृष्ट्या वेगळे आहेत, एकाला वाचवून दुसरा वाचत नाही.

शिनरीशी माणसाचं पहिलं भांडण गुरांवरून झालं. मार्च-एप्रिलमध्ये गवत अजून कोरडं असतं आणि शिनरीला कोवळी पालवी फुटते. उपाशी गुरं त्या पालवीवर तुटून पडतात. पालवीत टॅनिन ठासून भरलेलं असतं. मायफळ उगाळून बाळगुटीत दिलेलं ज्यांना आठवतं, त्यांना या टॅनिनची तुरट चव ठाऊक आहे, कारण मायफळ म्हणजे इराण-तुर्कस्तानकडच्या एका ओकवर गांधीलमाशीच्या जातीच्या बारीक किड्यानं उठवलेली गाठच. सहाणेवरच्या एक-दोन वळशांनी काही होत नाही, उलट पोट आवळतं. पण गाईच्या वैरणीत निम्म्याहून जास्त शिनरी गेली, की मूत्रपिंडं निकामी होतात. खाण्यात विरलेला चुना मिसळला तर विष कमी बाधतं, हे टेक्सासच्या पशुवैद्यांनी दाखवलं. शेळ्यांना तर ती मानवतेच. आणि धोका असतो तो वर्षातून चार-सहा आठवडे. तेवढे दिवस गुरं दुसऱ्या कुरणात ठेवली तरी भागतं. ज्याच्याकडे दुसरं कुरण आहे त्याचं भागतं, असं म्हणायला हवं. ज्याच्याकडे नाही, त्याच्या नजरेतून पाहिलं तर शिनरी म्हणजे दरवर्षी चार जनावरं खाणारं रान.

दुसरं भांडण कापसाचं. विसाव्या शतकात टेक्सासचं सपाट पठार नांगराखाली आलं. जमिनीखालचं पाणी उपसून गोल फिरणाऱ्या तुषार सिंचनाच्या लांबलचक नळ्या आल्या, तेव्हा वाळवट जमिनीही पिकाखाली घेणं परवडू लागलं. कापूस आला, भुईमूग आला. टेक्सासमध्ये सगळ्यात जास्त भुईमूग पिकवणारी गेन्स काउंटी याच शिनरीच्या पट्ट्यातली. त्यात बोंडभुंग्यानं भर घातली. हा भुंगा आपल्याकडच्या बोंडअळीपेक्षा वेगळा. तो सोंडवाला किडा भारतात नाही, पण अमेरिकेच्या कापूसपट्ट्याचं त्यानं शतकभर कंबरडं मोडलं. हिवाळा तो शेताबाहेर, पालापाचोळ्यात काढतो, आणि शिनरीखालचा पाचोळा त्याला उत्तम. गुरांना विष देणारी, किड्याला आसरा देणारी आणि लाकूडफाट्याला निरुपयोगी अशी वनस्पती. तिची बाजू घेणार कोण?

तेव्हा रसायनं आली. आधी २,४,५-टी, म्हणजे व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंजमधला एक घटक. त्यानं पानं जळत, पण जाळं शाबूत राही आणि दोन-तीन वर्षांत फुटवा परत येई. १९८०च्या दशकात त्याचा वापर बंद झाला. तोवर टेब्यूथायुरॉन हाती आलं होतं. हे फवारायचं नसतं. विमानातून गोळ्या टाकायच्या, पावसानं त्या विरघळतात, औषध मुळांवाटे वर जातं आणि पानाची अन्न तयार करण्याची क्रियाच बंद पडते. पानं गळतात. झुडूप नवी पानं काढतं, तीही गळतात. असं करत करत जमिनीखालचा सगळा साठा संपतो आणि जाळं मरतं. आगीला, दुष्काळाला, कुऱ्हाडीला पुरून उरलेली शिनरी तिच्याच चिवटपणाच्या वाटेनं मारायचं हे तंत्र. शोधणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यावीच लागते. गवत स्पष्ट वाढलं, रँचवाल्यांचा फायदा झाला, सरकारी जमिनींवरही गोळ्या पडल्या.

इथे मात्र एक भेद करायला हवा, जो दोन्ही बाजूंचे लोक गाळतात. जास्त मात्रेत दिलेलं औषध रान संपवतं. कमी मात्रेत दिलेलं औषध शिनरी विरळ करतं, गवताला जागा देतं आणि ओक पूर्ण मरत नाही. न्यू मेक्सिकोत कमी मात्रा आणि बेतानं चराई यांची सांगड घालून अनेक वर्षं निरीक्षणं झाली. त्यात प्रेअरी-चिकन या माळरानी पक्ष्याच्या घरट्यांचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही. वाळूतल्या सरड्याचं चित्र याच्या अगदी उलट: १९९०च्या दशकातल्या पाहणीत औषध टाकलेल्या पट्ट्यांत सरडे फार मोठ्या प्रमाणात कमी भरले. म्हणजे 'तणनाशक वाईट' किंवा 'तणनाशक निरुपद्रवी' अशी दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. कुणासाठी आणि किती, हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

हे दोन प्राणी आता वादाच्या मध्यभागी आहेत, म्हणून त्यांची ओळख. लेसर प्रेअरी-चिकन हा कोंबडीएवढा, अंगभर तपकिरी पट्टे असलेला माळरानी पक्षी. वसंतात नर उघड्या उंचवट्यावर जमतात, मानेवरच्या तांबूस पिशव्या फुगवून घुमतात, पाय आपटत नाचतात. माद्या बघून निवड करतात आणि शिनरी-गवताच्या आडोशाला अंडी घालतात. उन्हाळ्यात पिल्लांना सावली आणि किडे, हिवाळ्यात मोठ्यांना ॲकॉर्न, असा सगळा संसार शिनरीवर. त्याच्या मूळ प्रदेशातला सुमारे ९० टक्के अधिवास गेला, असं अमेरिकी वन्यजीव खातं सांगतं. उत्तरेकडे, कॅन्ससमध्ये, तो शिनरीशिवाय गवताळ माळावरही जगतो. दक्षिणेकडे मात्र शिनरी नाही तर तो नाही.

सरडा याहून हट्टी. ड्यून्स सेजब्रश लिझर्ड असं त्याचं नाव, शास्त्रात त्याची ओळख १९७२ची. वीतभरही नाही, वाळूच्याच रंगाचा. शिनरीनं धरून ठेवलेल्या टेकड्यांमध्ये वारा जिथे वाळू कोरून वाटीसारखे खळगे करतो, तेवढ्याच जागी तो राहतो. खळग्याच्या उतारावरची भुसभुशीत ओलसर वाळू त्याला अंड्यांसाठी लागते, काठावरच्या शिनरीत किडे मिळतात आणि कुणी आलं की पळायला आडोसा. वाळू फार बारीक झाली तरी चालत नाही, फार घट्ट झाली तरी नाही. शिनरी नसेल तर खळगा टिकत नाही, वारा टेकडीच घेऊन जातो. शिनरी फार दाट झाली तर खळगाच होत नाही. अशा जागा जगात फक्त आग्नेय न्यू मेक्सिको आणि लगतच्या टेक्सासमध्ये आहेत. अमेरिकेतल्या सरड्यांमध्ये याहून लहान प्रदेश बहुधा एखाद्याच जातीच्या वाट्याला आला असेल.

आणि नेमका तोच प्रदेश पर्मियन बेसिनचा आहे. अमेरिकेच्या कच्च्या तेलापैकी जवळपास निम्मं आज तिथून निघतं. तेलविहिरीसाठी वाळूवर मुरूम पसरून सपाट चौथरा करायचा, तिथवर मुरुमाचाच रस्ता न्यायचा, मग पाइप, विजेचे खांब. एक चौथरा थोड्याच एकरांचा, त्यानं काय बिघडतं, असं वाटणं साहजिक. बिघडतं ते रस्त्यांच्या जाळ्यानं. हा सरडा मुरुमाचा रस्ता सहसा ओलांडत नाही, आणि जागेवरून दुसऱ्या जागी गेल्याशिवाय त्याच्या लहान लहान वस्त्या टिकत नाहीत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या ली फिट्झजेराल्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सरड्यावर अनेक वर्षं काम केलं. दर चौरस मैलात तेराच्या वर चौथरे झाले की सरडे लक्षणीय घटतात, हा त्या अभ्यासातून निघालेला उंबरठा आता सरकारी कागदपत्रांत रूढ झाला आहे.

तरीही विहिरींशी तडजोड शक्य होती. विहीर चार पावलं सरकवता येते, आडवं ड्रिलिंग करून एका चौथऱ्यावरून बऱ्याच विहिरी नेता येतात. वाळूच्या खाणीचं तसं नाही, आणि २०१७पासून तिथे खाणी आल्या. फ्रॅकिंगमध्ये खडकात पाणी दाबून भेगा पाडतात आणि त्या पुन्हा मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू सोडतात. एकेका विहिरीला हजारो टन वाळू लागते. पूर्वी ही वाळू विस्कॉन्सिनहून रेल्वेनं येई. गोल, टणक, पांढरी दाणेदार वाळू म्हणून तिचा दबदबा होता. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की मोनाहान्स-कर्मिटच्या टेकड्यांवरची बारीक वाळूसुद्धा काम भागवते आणि रेल्वेभाडं वाचतं. थोड्याच महिन्यांत खाणींची रांग लागली. इथे टेकडीवर काही बांधायचं नसतं, टेकडीच उचलून न्यायची असते. शिनरी आधी खरवडून काढतात, मग खाली खणत जातात. मागे राहतो खड्डा, ज्यात शिनरीच्या खोडाचा तुकडाही नसतो.

कायद्याची कहाणी थोडक्यात सांगणं कठीण, पण प्रयत्न करतो. सरड्याला संकटग्रस्त यादीत घालण्याचा प्रस्ताव २०१०च्या डिसेंबरात आला. तेल कंपन्या आणि जमीनमालक यांच्याशी झालेल्या ऐच्छिक करारांवर भरवसा ठेवून २०१२मध्ये तो मागे घेतला गेला. टेक्सासच्या करारात वाळूखाणी धरलेल्याच नव्हत्या. करार केला तेव्हा त्या नव्हत्याच. पाच वर्षांनी त्या आल्या आणि कराराला बाहेरूनच वळसा घालून कामाला लागल्या. २०१८मध्ये राज्याच्या कंट्रोलर (लेखा) कार्यालयानं त्या करारातून अंग काढून घ्यायचं ठरवलं, पुढे नवा करार झाला. त्याच वर्षी पर्यावरणवाद्यांनी पुन्हा अर्ज केला आणि अखेर मे २०२४मध्ये सरडा संकटग्रस्त जाहीर झाला. काही महिन्यांत टेक्सास राज्यानं त्याविरुद्ध खटला दाखल केला.

पक्ष्याचा प्रवास तर आणखी वळणावळणाचा. २०१४मध्ये यादीत घातला, २०१५मध्ये टेक्सासच्या न्यायालयानं ते रद्द केलं. नोव्हेंबर २०२२मध्ये पुन्हा घातला, दक्षिणेकडचा शिनरीतला गट 'संकटग्रस्त' म्हणून आणि उत्तरेकडचा 'धोक्यात' म्हणून. अमेरिकी काँग्रेसनं तो निर्णय उलटवायचा ठराव केला, अध्यक्ष बायडन यांनी २०२३मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. सरकार बदललं, तेव्हा वन्यजीव खात्यानं आपलाच निर्णय रद्द करा असं न्यायालयाला सांगितलं आणि ऑगस्ट २०२५मध्ये तो रद्द झाला. पक्षी दरम्यान तिथेच होते, कमी होत.

या सगळ्या कागदांच्या ढिगात एक नाव संघीय यादीत कुठेच नाही: ओकचं. सरड्यासाठी खटले, पक्ष्यासाठी खटले, पण दोघं ज्याच्या आधारानं जगतात त्या झाडाला संघीय कायद्याचं काहीही संरक्षण नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत क्वेर्कस हॅवार्डी 'संकटग्रस्त' आहे आणि शिकागोजवळच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्ष-उद्यानानं २०१७मध्ये काढलेल्या अमेरिकी ओकच्या आढाव्यातही ती धोक्यातल्या जातींत मोडते. या दोन्हींना कायद्याचं बळ नाही. २००४मध्ये अमेरिकेनं ओकला राष्ट्रीय वृक्ष जाहीर केलं, त्यानंही टेकडीवर काही फरक पडला नाही. आणि उद्या ही जात संघीय यादीत गेली तरी फार हुरळून जायचं कारण नाही. त्या कायद्यात प्राण्यांना आणि वनस्पतींना सारखं वागवलेलं नाही. प्राणी कुणाच्याही जमिनीत असला तरी त्याला मारणं गुन्हा ठरतो. वनस्पती खासगी जमिनीत असेल तर मालक ती साधारणपणे उपटू शकतो. टेक्सासची पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे. १९५७मध्ये उघडलेलं मोनाहान्स उद्यान, ३,८४० एकरांचं, हेही बरंचसं खासगी मालकांकडून भाडेपट्ट्यानं घेतलेल्या जमिनीवर आहे. राखीव शिनरी म्हणून बोट दाखवावं अशी सगळ्यात प्रसिद्ध जागा ही.

बियाणं साठवून ठेवू, पुढे लावू, असा मार्ग इतर वनस्पतींना असतो. ओकला नाही. ॲकॉर्न वाळवलं की मरतं, त्यामुळे गव्हा-तांदळासारखं ते थंडगार बियाणे-कोठारात ठेवता येत नाही. जिवंत झाडं बागांत लावून जपायची, एवढाच उपाय. मॉर्टन आर्बोरेटमच्या पुढाकारानं ते काम सुरू झालं आहे, वेगवेगळ्या ठिकाणची ॲकॉर्न गोळा करून अनेक वनस्पती उद्यानांत रोपं वाढवली आहेत आणि त्यांच्यात मूळ रानातलं किती वैविध्य उतरलं हे जनुकीय चाचण्यांनी तपासलं आहे. काम चोख आहे. पण शिकागोजवळच्या बागेत वाढलेली वीस-पंचवीस झुडपं टेकडी धरून ठेवत नाहीत, सरड्याला खळगा देत नाहीत. त्यांचा उपयोग जात नामशेष होऊ न देण्यापुरता, रान परत आणण्यापुरता नाही.

मग काय करायचं? शिनरीचं काहीही करण्यापूर्वी एकच गोष्ट विचारावी: केलेलं परत फिरवता येतं का? जाळणं परत फिरवता येतं, चराई परत फिरवता येते, कमी मात्रेतलं औषध बऱ्याच अंशी परत फिरवता येतं. रँचवाल्याला त्याच्या गुरांसाठी या तिन्हींची मुभा असावी. त्याच्यावर डोळे वटारून शहरी निसर्गप्रेमींनी काही मिळवलेलं नाही, आणि शिनरी आज जिथे शिल्लक आहे तिथे ती बहुतांश रँचवाल्यांच्याच जमिनीवर शिल्लक आहे. नांगर परत फिरवता येत नाही. जास्त मात्रेत टाकलेल्या गोळ्या परत फिरवता येत नाहीत. खाण तर मुळीच नाही. जी वनस्पती बियांपासून क्वचित उगवते आणि खोडांनी वर्षाला इंच-इंच सरकते, तिचं जाळं एकदा खरवडलं की ते माणसाच्या आयुष्यात परत येत नाही.

वाळूखाणवाल्यांना पर्याय नाही असंही नाही. त्याच पट्ट्यात नांगरून, औषध टाकून शिनरी कधीच गेलेल्या वाळवट जमिनी भरपूर आहेत. खणायचं तर तिथे खणावं. थोडं लांब पडेल, टनामागे काही डॉलर जास्त लागतील. जमीनमालकांशी करार करायचेच असतील, तर 'किती सरडे दिसले' या मोजणीवर न करता 'किती एकर जाळं शाबूत ठेवलं' या मोजणीवर करावेत, आणि पैसे त्यासाठी द्यावेत. सरडा दिसला नाही म्हणून तो नाही असं ठरत नाही. शिनरी मात्र विमानातूनही मोजता येते. न्यायालयानं यादी रद्द केली तरी असा करार टिकतो, आणि सरकार बदललं तरी. २०१२च्या टेक्सास कराराची चूक वाळूखाणी वगळण्याची होती. पुढच्या कराराचं पहिलं कलम त्यांचंच असायला हवं.